वाटीवरचं बोट

१

कुर्तुबा शहरात शस्त्रवैद्य अस्बगचं नाव होतं ते त्याच्या नकारासाठी. हात काय, सगळेच चालवतात. तो कुठे आवरायचा हे अस्बगइतकं कुणाला कळत नाही, असं पुलापलीकडच्या वस्तीतही म्हणत. पाठीचा मणका मोडलेला एखादा खेचरवाला खाटेवर घालून आणला, की अस्बग आधी त्याच्या तळपायाला सुई टोचायचा. मग बायकोला बाजूला घेऊन विचारायचा, "अंथरूण ओलं होतं ते याला कळतं का?" ती नाही म्हणाली, तर मणके ताणून बसवायच्या फळीकडे तो बघायचासुद्धा नाही. माणसाला पाणी पाजायचा, दुवा द्यायचा आणि परत पाठवायचा. लोक शिव्या घालत जायचे. पण जो त्याच्या फळीवर चढला तो स्वतःच्या पायांनी घरी गेला, हेही तेच लोक सांगायचे.

डोक्याचंही तसंच. कवटी फुटून ताप चढलेला, उलट्या होणारा, एक डोळा मिटत नसलेला माणूस समोर आला, की गिरमिट पेटीतच राहायचं. यातलं एखादं लक्षण असेल तर आशा, तिन्ही असतील तर कफन, असा त्याच्या उस्तादांचा नियम होता आणि अस्बगनं तो कधी मोडला नव्हता.

मग त्याचा धाकटा भाऊ रशीक परांचीवरून पडला. रशीक पाथरवट होता, खांबांच्या माथ्यावर पानं-फुलं कोरायचा. त्याला घरी आणला तेव्हा डाव्या कानाच्या वरचं हाड आत दबलं होतं. अंगात ताप होता, उलट्या थांबत नव्हत्या आणि उजवा डोळा सताड उघडा होता.

मुज्ना दारात उभी होती. ती दोघांची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनंच दोघांना वाढवलं होतं, आणि विधवा होऊन परत आल्यापासून अस्बगचा कापूस, तेल, पट्ट्या तीच सांभाळायची.

"दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर काय केलं असतंस?" तिनं विचारलं.

"परत पाठवला असता."

"मग?"

"मग काय? पाणी तापव."

तिनं रशीकचं डोकं भादरलं आणि दोन्ही कानांत तेलात भिजवलेला कापूस गच्च बसवला. गिरमिट हाडात फिरतं तेव्हाचा आवाज रोग्यानं ऐकू नये, ऐकला तर माणूस भीतीनंच जातो. अस्बगनं हाडाची जाडी पाहून गिरमिट निवडलं. त्याच्या पात्याभोवती कडं होतं. हाड भेदलं की ते कडं अडायचं आणि खालच्या, मेंदूवरच्या नाजूक पडद्याला टोक लागायचं नाही. दबलेल्या हाडाभोवती त्यानं गोलाकार भोकं पाडली, छिन्नीनं त्यांच्यामधलं हाड कापलं आणि तुकडे एकेक करून चिमट्यानं उचलले. मुज्नानं ते धुऊन अंगणातल्या बिहीच्या झाडाखाली पुरले. माणसाचा एवढासा का होईना भाग, तो उकिरड्यावर टाकायचा नसतो.

शेवटचा तुकडा निघत नव्हता तेव्हा अस्बगच्या हातून चिमटा सुटला. आयुष्यात पहिल्यांदा. तो खाली वाकला आणि भावाच्या कापूस भरलेल्या कानाशी म्हणाला, "माझा जीव तुझ्यावरून ओवाळून टाकला."

आता कुर्तुब्यात हे वाक्य म्हणजे काय? खरबूजवालासुद्धा गिऱ्हाइकाला म्हणतो, आणि वर शिळं खरबूज गळ्यात मारतो. रशीकनं तर ते ऐकलंही नाही. तुकडा मात्र त्याच क्षणी सुटून आला.

२

रशीक जगला. ताप उतरला, डोळा मिटू लागला, आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल, तर, "ताई, खमंग वास येतोय. पनीरचे वडे का?"

"शेजारी कातडं उकडतायत," मुज्ना म्हणाली. "झोप मुकाट्यानं." आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

मग रोजचा क्रम लागला. ऊन अंगणात उतरलं की अस्बग पूर्वेच्या खोलीत रशीकच्या उशाशी बसायचा. मुज्ना पितळी वाटीत गुलाबाचं तेल कोमट करून आणायची. जुना कापूस निघायचा. खाली दिरहमाच्या नाण्याएवढं भोक, आणि त्यात तो पडदा, ओलसर, फिकट, मंद वरखाली होणारा. अस्बगची दोन बोटं आपसूक रशीकच्या मनगटावर जायची. नाडीचा ठोका पडतो आणि पडदा उचलला जातो; दोर ओढला की बादली हलते, त्यात विशेष ते काय? इतकी डोकी उघडली त्यानं, सगळ्यांत हेच पाहिलं. खरं तर पाहणं केव्हाच सोडून दिलं होतं.

एका सकाळी बोटाखाली ठोका पडला आणि पडदा हलला नाही.

तो नंतर हलला. अस्बगनं बोटं जरा दाबली. ठोका. पडदा मध्येच उचलला गेला. पुन्हा ठोका, आणि या वेळी पडदा त्याच्या आधीच. मनगटाची चाल संथ होती, भरल्या पोटी चालणाऱ्या गाढवासारखी. पडद्याची त्याहून घाईची.

"काय रे, थांबलास का?" मुज्नानं विचारलं. "तेल निवतंय."

"काही नाही. ऊन डोळ्यावर येतंय."

ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. मुज्नानं एकदा खिडकीकडे बघितलं आणि वाटी पुढे केली.

३

पन्नाशी उलटली की बोटं खोटं बोलतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उस्तादांनीही उतारवयात नाडी बघणं दुसऱ्यांवर सोपवलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तो मुज्नाला म्हणाला, "ताई, याचं मनगट तू धर. ठोका लागला की दुसऱ्या हाताचं बोट वाटीवर टेकव. प्रत्येक ठोक्याला."

"आता या वयात मला हकीम करतोस?"

"बोट तर आहे ना तुला?"

"दहा आहेत. दहाच्या दहा तुम्हा दोघांपायी झिजली." तरी ती बसली. तिनं रशीकचं मनगट धरलं आणि वाटीवर बोट वाजू लागलं. टण्. टण्. टण्.

"लग्न कुणाचं आहे?" रशीक म्हणाला. "नाही, वाजंत्री माझ्या डोक्यावर बसवलीत म्हणून विचारतो."

अस्बग हसला नाही. वाटी वाजत होती आणि भोकातला पडदा तिच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा आपल्या चालीनं उचलला जात होता. शेजारच्या चांभारवाड्यात कातड्यावर मोगरी पडत होती. तिचा हादरा असेल, त्याच्या मनात आलं. भिंत एकच आहे, जमीन एकच आहे, आणि इतका पातळ पडदा कशानंही हलेल. या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

शुक्रवारी नमाजाच्या आधीच मोगरी थांबते. गल्ली रिकामी होते. त्या शांततेत अस्बगनं पुन्हा मुज्नाला बसवलं, पुन्हा वाटी वाजली. पडद्यात काहीही फरक नव्हता. तो जलद चालत होता, आणि मध्येच एकदा अडखळल्यासारखा होऊन पुन्हा धावू लागत होता.

ते अडखळणं अस्बगला ओळखीचं वाटलं. कुठलं, ते आठवेना. आठवू नये असंच त्याला वाटत होतं, हेही त्याला त्याच वेळी कळलं.

४

"भाऊ, आत कुणीतरी आहे," रशीक एका दुपारी म्हणाला.

"डोकं फुटलेल्या सगळ्यांना असंच वाटतं. रक्त वाहतं त्याचा आवाज असतो."

"रक्ताचा मला कळतो. तो माझा. हा दुसरा आहे."

"आणि काय करतो तो?"

"काही नाही रे. येरझाऱ्या घालतो. आत बायको बाळंत होत असली की नवरा बाहेर घालतो ना, तशा." रशीक हसला. "घाबरट आहे जरा. पण माणूस वाईट नसावा."

अस्बगनं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. रशीकची बोटं पांघरुणावर फिरत होती. अर्धं राहिलेलं एक पान तो तिथंच कोरत असायचा. त्या खांबाच्या माथ्यावर डाळिंबाची वेल होती, आणि पडला तेव्हा शेवटच्या पानाची एकच बाजू झाली होती. दुसरा कुणी ते पुरं करील या विचारानं त्याला घास जात नव्हता.

दोन दिवसांनी अस्बग चांगला कापूस आणायला बाजारात गेला. परतताना पुलावर रांजण लादलेलं एक खेचर घसरलं आणि सगळं ओझं घेऊन त्याच्यावर आलं. तो कठड्याला चिकटला म्हणून वाचला. रांजण फुटले, खेचरवाल्यानं उलट त्यालाच चार शब्द सुनावले, आणि अस्बग कितीतरी वेळ छातीवर हात ठेवून तिथंच उभा राहिला. मग बांग झाली आणि तो घरी आला. घरी यातलं काही सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. मुज्ना उगाच डोकं खाल्ल्याशिवाय राहिली नसती.

ती अंगणातच भेटली. "रशीकला मघाशी काय झालं कोण जाणे. चांगला पडला होता, एकदम घामानं डबडबला. म्हणतो, तो पळाला, भिंतीला जाऊन धडकला."

"कधी?"

"बांगेच्या जरा आधी."

"ऊन लागलं असेल."

"खोलीत?" मुज्ना म्हणाली, आणि त्याच्या अंगरख्याला लागलेला कठड्याचा चुना झटकू लागली. झटकता झटकता तिचा हात थांबला. तिनं बोटांवरचा चुना पाहिला आणि मग त्याच्या तोंडाकडे.

५

आपलं स्वतःचं मनगट बघायला किती वेळ लागतो? अस्बगला पुष्कळ दिवस लागले. कधी तेल सांडायचं, कधी कापूस संपायचा, कधी दारात रोगी यायचा. घाबरलेल्या माणसाला कामं सुचतात तशी त्याला सुचत होती.

शेवटी एका सकाळी मुज्ना विहिरीवर गेली असताना त्यानं जुना कापूस काढला, डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवली आणि भोकाकडे पाहिलं.

ठोका पडला. पडदा उचलला गेला.

ठोका, पडदा. ठोका, पडदा. मग त्याची नाडी तरुणपणापासून अडखळायची तशी एकदा अडखळली, आणि भावाच्या डोक्यातला पडदा अडखळला.

अस्बग शहाणा माणूस होता. त्यानं श्वास रोखला, हळूहळू सोडला, पुन्हा रोखला. असं केलं की नाडी मंदावते. ती मंदावली. पडदाही मंदावला, पाळणा थांबत येतो तसा. हे डोळ्यांनी पाहिलं आणि तो घाबरला; आणि समोर, रशीकच्या कवटीत, तो पडदा धडधडू लागला.

रशीकचे डोळे मिटलेले होते. "भाऊ," तो म्हणाला, "त्याच्याशी काहीतरी बोल ना. तू बोललास की तो थांबतो."

"काय बोलू?"

"काहीही बोल. हं, बघ, थांबला."

६

जखम छान भरत होती. इतकं निर्मळ मांस अस्बगनं क्वचितच पाहिलं होतं. कडेकडेनं लाल, दाणेदार नवं मांस आत सरकत होतं आणि पडदा रोज थोडा थोडा झाकला जात होता. रशीक उशीला टेकून बसू लागला, भाकरी मागू लागला, पनीरच्या वड्यांवरून बहिणीशी भांडू लागला.

अस्बगला मात्र थंडी वाजायची. ऐन उन्हाळ्यात तो लोकरी अंगरखा घालून बसे.

"हात आहेत का विहिरीतले दगड?" मुज्ना त्याच्या हातातून वाटी घेताना म्हणाली. "डोळे बघ कसे खोल गेलेत. भावाला उठवलंस आणि आता स्वतः पडणार आहेस का?"

मनगटावरचा ठोका आता शोधावा लागत होता. भोक जसजसं बुजे तसतसा तो आणखी खोल जाई. एका दुपारी, सगळे झोपले असताना, त्यानं आपल्या दोन्ही कानांत कापूस घातला. कानांत कापूस घातला की माणसाला आपल्याच रक्ताचा घोंघावता आवाज येतो; त्याचे सगळे रोगी तसं सांगत. तो ऐकत बसला. मोगरीचा आवाज गेला, अंगणातल्या चिमण्यांचा गेला, आणि मग काही म्हणजे काहीच उरलं नाही. त्यानं घाईघाईनं कापूस उपसून काढला.

अस्बगला मरायचं नव्हतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण ते इतकं खरं होतं की त्याची त्यालाच लाज वाटली.

शेवटी भोक लिंबाच्या बीएवढं राहिलं. त्या सकाळी अस्बगनं पेटीतून खरवडायची सुरी काढली आणि पुसून मांडीवर ठेवली. नवं मांस फार घाईनं वाढलं तर खरवडून मागे सारावं, हे उस्तादांनीच शिकवलं होतं. त्यात गैर काही नव्हतं. कुणीही विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. फक्त असं खरवडलेले, पडदा पुन्हा उघडा राहिलेले रोगी त्यानं पाहिले होते. त्यांना ताप यायचा, आणि मग बिहीच्या झाडाखाली पुरलेलं हाड काढून त्यांच्या कफनात घालावं लागायचं.

"बुजत आलं ना?" रशीकनं विचारलं. "ताई म्हणाली."

"हो."

"मग तो कुठून जाणार बाहेर?"

अस्बगनं मांडीवरची सुरी सरळ केली.

"नाही, मी काय म्हणतो," रशीक म्हणाला, "तो बिचारा सारखा तिथंच येऊन उभा राहतोय. दारापाशी. थोडं उघडं ठेवता येईल का? मला काही घाई नाही. ते पान काय, राहिलं तर राहिलं."

हे बोलताना त्याची बोटं पांघरुणावर फिरत होती आणि त्या न झालेल्या बाजूवरच येऊन थांबत होती. अस्बगनं ती बोटं पाहिली. हा पोरगा शेंबडा असल्यापासून आपल्या वाटणीचं अंजीर दुसऱ्याला देऊन टाकायचा आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. अस्बगला एकदम त्याचा राग आला, मग माया आली, मग दोन्ही गेलं आणि फक्त काम उरलं. हात घालायचा नव्हता तिथं त्यानं घातला होता. घातलेला हात अर्ध्यावर काढायचा नसतो, हाही नियमच होता.

त्यानं सुरी पेटीत ठेवली. तेलात कापूस भिजवला आणि रशीकच्या दोन्ही कानांत बसवला.

"हे कशाला? आता कुठे गिरमिट चालवायचंय?"

"पडून राहा."

त्यानं जखमेवर मऊ कापूस ठेवला, त्यावर घडी, त्यावर पट्टी. आणि गाठ मारताना कधी नव्हे इतकी काळजी घेतली. खोलीत मोगरीचा आवाज येत होता.

कानांत कापूस असलेला माणूस मोठ्यानं बोलतो. तसा रशीक ओरडूनच म्हणाला, "भाऊ! तो बसला रे. भिंतीला टेकून बसला. आता घाबरलेला नाही."

मुज्ना हात धुवायला पाणी घेऊन आली होती. तिनं रशीककडे पाहिलं, मग अस्बगकडे पाहिलं, आणि भांडं खाली ठेवलं. तिनं अस्बगचं मनगट धरलं; शिकवलं होतं तसं, दोन बोटांनी. दुसऱ्या हातानं तिनं पितळी वाटी जवळ ओढली आणि तिच्यावर बोट धरलं.

अस्बग उभा होता. खिडकीतलं ऊन त्याच्या पायांवर पडलं होतं आणि तो बहिणीच्या बोटाकडे बघत होता.

"टेकव ना, ताई," तो हळूच म्हणाला.

ठोका शोधत ती मनगटावरची बोटं पुढेमागे सरकवत राहिली, दाबत राहिली, पुन्हा सरकवत राहिली. वाटीवरचं बोट मात्र खाली आलं नाही.